साडूंनी बघितलेलं शाळेचं स्थळ

माझ्या साडूंनी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून चोळून पाहिला नाही, असा पदार्थ ब्रह्मदेवानं अजून घडवलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघेही शहापूरचे, एकाच गल्लीतले, दोघेही खड्ड्यात पाय सोडून मागावर लुगडी विणणारे. विणकराला सूत चोळून बघायची सवय असतेच, मलाही आहे. पण साडूंची ती सवय सुतावरून सुटून सगळ्या जगावर पसरली होती. बाजारात गेले की अळूचं पान चोळणार, म्हशीचा कान चोळणार, भटजी आशीर्वादाला वाकले की त्यांचं उपरणं चोळणार. एकदा नाक्यावर एका फौजदारानं त्यांना अडवून दरडावलं, तर यांनी त्याच्याच कोटाची बाही चिमटीत धरली आणि हळहळून म्हणाले, "साहेब, लई जाडं सूत घातलंय. फसवलं हो तुमास्नी सरकारनं." फौजदार रागवायचं विसरला आणि आम्ही पुढं निघून गेलो तरी स्वतःची बाही चोळत उभा राहिला. एका मयतीला तर त्यांनी कमाल केली. गल्लीतला एक म्हातारा विणकर गेला, तयारी झाली, आणि साडूंनी वाकून त्याच्या अंगावरचं वस्त्र चाचपलं. "ह्येनं जन्मभर रेशमी काठ विणला आणि ह्येला ह्यो मांजरपाट?" असं म्हणून ते तडक घरी गेले आणि स्वतःच्या मागावरचं अर्धवट विणलेलं धोतर कापून घेऊन आले. तोवर मयत खोळंबली होती. म्हातारा चांगल्या कपड्यात गेला, एवढं खरं.

या पारखीपायी आमच्या समाजात सोयरीक जमवायची म्हणजे आधी आमच्या साडूंना गाडीत घालायचं, अशी रीतच पडून गेली होती. ते स्थळ बघायला गेले की आधी मुलाकडं बघायचेच नाहीत. सरळ त्याच्या मागावर जाऊन बसायचे, चांगला ताणलेला एक धागा मुद्दाम तोडायचे आणि म्हणायचे, "जोड." मुलगा गाठ कशी मारतो, मारताना चिडतो की हसतो, बापाकडं बघतो की धाग्याकडं, यावर त्याचं लग्न ठरायचं. रबकवीच्या एका मुलानं अशी सुरेख गाठ मारली की गाठ कुठं आहे ते मलाही दिसेना. मी मान डोलावली. साडूंनी मात्र नकार दिला. परत येताना गाडीत मी भांडलो, तर म्हणाले, "पोरगा सोनं हाय रं. पण त्येची आई जेवताना लेकाच्या ताटावरची नजर काढत न्हाय. सुनेच्या ताटाकडं बघायला तिच्याजवळ डोळा शिल्लक ऱ्हाणार न्हाय." मी हसलो. पुढं त्या घरात दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी पडली, आणि पहिल्या पंचमीला माहेरी आली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तेव्हापासून मी साडूंना हसायचं सोडलं. निदान तोंडावर तरी.

अशा माणसाची एकुलती एक लेक यमू. मराठी चौथी पास झाली, पहिल्या नंबरानं. साडूंच्या घरात त्यांची थोरली विधवा बहीण, आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो. साडूंना आक्कांनीच वाढवलेलं, त्यामुळं घरात शब्द आक्कांचा. त्यांच्या मनात यमूसाठी इचलकरंजीचा एक मुलगा केव्हाचा घोळत होता. आणि साडूंनी एक दिवस जेवता जेवता काढलं की यमूला बेळगावच्या मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी पहिलीत घालायची. आक्कांची भाकरी तव्यावर करपली. तिसऱ्या दिवशी आक्कांनी निकाल दिला, "शाळेनं घेतली तर शाळा. न्हाय घेतली तर दिवाळी झाली की अक्षता. मग मला कुणी काय सांगायचं न्हाय." साडूंनी मान्य केलं आणि सरळ माझ्याकडं आले.

"साडू, तू चल माझ्यासंगट. तू शिकलेला माणूस."

हे खरं होतं. मी तिसरी पास होतो. आमच्या गल्लीतल्या मोठ्या माणसांत तेव्हा एवढं शिकलेले आम्ही दोघेच, आणि दुसरा वारला होता. तरी मी साडूंना विचारलं, "आप्पा, पोरीला एवढं शिकवून करायचं काय?"

तर म्हणाले, "मी पारखलंय रं. ती वाचती तवा तिचं ओठ हलत न्हाईत. गल्लीत कुणाचंबी पत्र येऊ दे, नुसती बघती आणि धाडधाड सांगती. आता तू वाचतोस तवा तुझं ओठ हलतात, शेजारच्याला ऐकू येतंय. तुला वाईट वाटू दे नगं."

मला वाटायचं तेवढं वाटलंच. पण गेलो.

आता खरी गंमत पुढं आहे. निघायच्या दिवशी यमू वेणी घालून, परकर नेसून दारात उभी. साडू तिच्यावर खेकसले, "तू कुठं निघालीस गं? पोरगी कधी आपलं स्थळ बघायला जाती व्हय? घरात बस." आणि आम्ही दोघे नारळ, पानसुपारी, खडीसाखर घेऊन निघालो. शहापूर तेव्हा संस्थानात आणि रेल्वेचं फाटक ओलांडलं की इंग्रजी मुलूख. साडूंनी फाटकापाशी पटका नीट बांधला, जसा सोयऱ्यांच्या वेशीवर बांधतात. शाळेच्या दारात कानडी शिपाई होता. "बर्री, कूडरी," म्हणत त्यानं बाकावर बसवलं. साडूंनी बसल्या बसल्या बाक चोळून बघितला, भिंत चोळून बघितली, खिडकीचा पडदा चोळून बघितला आणि माझ्या कानात म्हणाले, "घर जुनं हाय, पण हात फिरतोय रोज."

मोठ्या बाई म्हणजे तिथल्या हेडमास्तरीण. चष्मा, नऊवारी पातळ, आवाज असा की वर्गातला गलका दाराबाहेर यायच्या आत थांबायचा. साडूंनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि विहीणबाईंना विचारावं तसं विचारायला सुरुवात केली. पोरीला सकाळी कधी उठवणार? मोठ्या बाई म्हणाल्या, उठवणं तुमचं काम, आम्ही अकराला घंटा देतो. दुपारी काय खाऊ घालता? डबा आणायचा. हात उगारता का? मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "क्वचित." साडूंनी माझ्याकडं वळून मान डोलावली. मग त्यांनी असा प्रश्न टाकला की मीच बाकावर आखडून बसलो.

"बाई, मोठ्या पोरी बारक्यांना छळतात काय? म्हंजे, जावा-जावांचं कसं हाय तुमच्यात?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मला वाटलं, आता शिपायाला बोलावतात. पण त्या विचार करून म्हणाल्या, "थोडं असतं. मी लक्ष ठेवते. पण मुलगी कुठं आहे?"

"घरी हाय. मुलगी दाखवायचा कार्यक्रम आमच्या घरी. तुम्ही या, चार माणसं घेऊन या. पोहे करू. मग बोलणी."

तेवढ्यात घंटा झाली, पोरींचा लोंढा बाहेर पडला, आणि मोठ्या बाई घाईत उठल्या. टेबलावरचा एक छापील कागद उचलला, त्यावर टाकानं दोन ठिकाणी काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिला. मी टोपी घातली होती, मीच शिकलेला वाटलो असणार. "सगळं यात आहे. वाचून घ्या," म्हणाल्या आणि गेल्या.

कागद सगळा इंग्रजीत. मला इंग्रजीचं अक्षर येत नाही. आकडे तेवढे येतात, सुताच्या गठ्ठ्यांवर छापलेले असायचे म्हणून. फाटकापाशी गाडी जायची होती, तिथं पाचपंचवीस माणसं खोळंबलेली, निम्मी आमच्याच गल्लीतली. त्या सगळ्यांसमोर साडूंनी मोठ्यानं विचारलं, "काय म्हणतोय रं साडू कागद?" मी कागद डोळ्यांसमोर धरला. टाकानं लिहिलेले दोन आकडे होते, एक बारा आणि एक अकरा. घरी या म्हणून आमंत्रण तर साडूंनी दिलेलंच होतं. मी म्हटलं, "येत्या बारा तारखेला, अकरा वाजता येत्यात." खोटं बोललो असं मला त्या वेळी वाटलंच नाही. हिशेब बरोबर बसत होता. दोन्ही आकडे खपले होते. साडूंनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "झ्याक." कागद मी बंडीच्या आतल्या खिशात ठेवला, आणि यमूनं मागितला तर म्हटलं, मोठ्यांचे कागद पोरींनी बघू नयेत.

बारा तारखेला साडूंच्या घरी काय थाट होता म्हणून सांगू. सोप्यात जाजम, त्यावर पांढरी चादर, लोड. यमूला तिच्या आईचं लुगडं नेसवलेलं, ती त्यात बुडून गेलेली. माझी बायको आणि तिची बहीण पहाटेपासून चुलीशी, पोह्यांबरोबर शिराही. बोलणी चालताना मागांचा आवाज होऊ नये म्हणून साडूंनी गल्लीत दारोदार जाऊन सांगितलेलं, आणि गल्लीनं त्यांच्यासाठी सगळे माग बंद ठेवले. शहापुरात दिवसाढवळ्या अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बारका पोर रडला तरी चार घरं पलीकडं कळत होतं. अकरा झाले. साडेअकरा झाले. गल्लीच्या तोंडाशी उभी केलेली पोरं दर पाच मिनिटांनी येऊन हात हलवून जात. पोह्यांचे पापड झाले. बारा वाजले, एक वाजला. पलीकडच्या घरातून आधी एक धोटा वाजला, मग दुसरा, आणि हळूहळू सगळी गल्ली खटखट खटखट चालू झाली. सगळ्यांनी आपापल्या परीनं समजून घेतलं होतं.

आक्का उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बघितलं न्हाय, खाल्लं न्हाय, आणि नाकारलं. माझी पोरगी काय रस्त्यावर पडली व्हय? उद्या माणूस जाऊ दे इचलकरंजीला." यमू लुगड्याच्या निऱ्या दोन्ही हातांत गोळा करून आत गेली.

मला जेवण गेलं नाही. दिवस कलताना मी पोस्टात गेलो आणि तिथल्या मास्तरांपुढं तो कागद ठेवला. म्हटलं, चष्मा विसरलोय, जरा बघा. मास्तरांनी वाचून सांगितलं, बारा तारखेला अकरा वाजता मुलीला परीक्षेसाठी शाळेत घेऊन यावे. न आल्यास नाव घेतले जाणार नाही.

मी तसाच साडूंच्या घरी गेलो. ते मागावर बसले होते, पण माग चालत नव्हता. मी कागद त्यांच्यापुढं धरला. जन्मात कुणापुढं मान खाली घातली नव्हती. "आप्पा," म्हटलं, "पोरीला तिकडं न्यायचं होतं. मला इंग्रजी येत न्हाय."

"ठावं हाय," साडू म्हणाले.

"कसं ठावं?"

"फाटकापाशी वाचलास तवा तुझं ओठ हललं न्हाईत."

मी खाली बसलोच. "मग बोलला का न्हाई?"

"गल्लीतली माणसं हुती की रं सगळी. आणि वाटलं, आकडं तर तुला येत्यात, आकड्यांवरनं बरोबर काढलं असशील." मग त्यांनी कागद घेतला, घडी घातली आणि म्हणाले, "सकाळी लवकर ये. आणि ह्ये आक्काला बोलू नगंस. तिला जन्मभर तुझं तोंड बघायचंय अजून."

दुसऱ्या दिवशी, इचलकरंजीचा माणूस निघायच्या आधी, आम्ही निघालो. आमच्यात मुलीच्या बापानं मुलीचा हात धरून समोरच्यांच्या दारात जाणं म्हणजे नाक कापून हातात घेऊन जाणं. साडूंनी त्या दिवशी यमूचा हात भर बाजारातून धरला होता. फाटकापाशी पटकाही बांधला नाही. मोठ्या बाईंनी आम्हाला ओळखलं, पण मान हलवली. यादी काल बंद झाली. परीक्षा झाली. नियम म्हणजे नियम.

"चूक माझी," साडू म्हणाले. "कागद ह्येनं मला वाचून दाखवला हुता. मीच उलटं समजलो."

मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. मोठ्या बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी यमूच्या कपाळाला मुंडावळ्या बांधून होणार होत्या, हे त्यांना कोण सांगणार? साडूंनी सांगितलं. सगळं सांगितलं. आक्का, इचलकरंजी, पोहे, बंद ठेवलेले माग. मोठ्या बाईंनी हातातला टाक खाली ठेवला. "अख्ख्या गल्लीनं माग बंद ठेवले? माझ्यासाठी?"

"व्हय. आता गल्लीत झालंय की पोरीला न बघताच नाकारली. बाई, नाकारायची तर नाकारा. पण एकडाव बघून नाकारा."

मोठ्या बाईंनी यमूला जवळ बोलावलं. "तुला काय येतं गं?"

यमू म्हणाली, "सुताच्या कांड्या भराय येतात. धागा जोडाय येतो. गल्लीतली सगळी पत्रं मीच वाचतो." आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, वाचतो, आलो, गेलो.

"सगळी पत्रं वाचतेस, मग हा कागद का नाही वाचलास?"

"काकांनी दाखवला न्हाय." काका म्हणजे मी. मी खिडकीबाहेर बघू लागलो. "आणि दाखवला असता तरी इंग्रजीत हुता. त्येच शिकाय आलोय की."

मोठ्या बाई हसल्या. त्यांना हसू येतं हे शिपायालाही नवीन असावं, तो दारातून डोकावला. त्यांनी यमूला आतल्या खोलीत नेलं, तासभर बसवलं, पाढे घेतले, शुद्धलेखन घेतलं, वाचून घेतलं. बाहेर आम्ही दोघे बाकावर. साडू काहीही चोळत नव्हते. दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते. दार उघडलं आणि मोठ्या बाई म्हणाल्या, "सोमवारपासून पाठवा."

"म्हंजे पसंत?"

"पसंत."

साडूंनी पिशवीतून नारळ काढला आणि शाळेच्या पायरीवरच फोडला. त्यांना कुणी थांबवायच्या आत खोबऱ्याचा तुकडा मोठ्या बाईंच्या, शिपायाच्या आणि पलीकडून जाणाऱ्या दोन पोरींच्या हातात होता. इचलकरंजीच्या मुलाचं त्याच मार्गशीर्षात दुसरीकडं जमलं. मुलगी पारखायला साडूच गेले होते.

यमू सात वर्षं त्या शाळेत गेली. पहिली दोन वर्षं साडू रोज छत्री घेऊन तिला पोचवायला जायचे. आणि इथं त्यांनी एक नवंच काढलं. आमच्यात लेक दिल्या घरचं पाणी बाप पीत नाही. साडूंच्या मते लेक शाळेला दिली होती, तेव्हा शाळेचं पाणी त्यांना वर्ज्य. वैशाखाच्या उन्हात घामानं थबथबून यायचे, शिपाई माठातलं पाणी पुढं करायचा आणि हे हात जोडायचे, "नगं रे बाबा, लेक दिलीय हितं." एकदा स्नेहसंमेलनात मोठ्या बाईंनी स्वतः फुलपात्र भरून आणलं. यमूनं त्या दिवशी स्टेजवर उभं राहून इंग्रजीत काहीतरी म्हटलं होतं, साडूंचा घसा नुसता ऐकूनच कोरडा पडला होता. तरी प्याले नाहीत. मोठ्या बाईंनी फुलपात्र परत नेलं, रागावल्या नाहीत. शेवटी सोयरिकीत रीत ही दोन्हीकडून पाळायची असते.

मग लढाई आली, सुताची ओढाताण झाली, आणि साडूंच्या छातीत दमा बसला. यमू मॅट्रिकला बसली त्या वर्षी त्यांना फाटकापर्यंतही चालवत नव्हतं. निकालाच्या दिवशी त्यांनी मला पाठवलं. यमू पास झाली होती. मोठ्या बाईंच्या खोलीत मी बसलो, त्यांनी पेढा दिला आणि पाणी आणवलं. मी मुलीचा बाप नाही, मला रीत लागू नाही. प्यालो.

घरी आलो तेव्हा साडू भिंतीला टेकून बसले होते. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांना कळलं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग हळूच विचारलं, "तिथलं पाणी कसं हाय रं?"

"गोड हाय, आप्पा. गार हाय."

"किती प्यालास?"

"दोन फुलपात्रं."

साडूंनी डोळे मिटले. "एक माझ्या वाटचं धर," म्हणाले.